प्रश्नरूप प्रतिकार : सिल जॉन्सन यांच्या एका उपेक्षित सोलगीताचे रसग्रहण

गोषवारा

अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतातील निषेधगीतांचा विचार करताना जेम्स ब्राउन, कर्टिस मेफिल्ड, मार्विन गे ही नावे प्राधान्याने घेतली जातात. शिकागोचे गायक सिल जॉन्सन यांचे १९६९ मधील ‘इज इट बिकॉज आय’म ब्लॅक’ हे गीत मात्र या चर्चेत सहसा कडेलाच राहते. घोषणेऐवजी प्रश्नाचा आश्रय घेणारी या गीताची रचना, ‘मी’पासून ‘आपण’पर्यंतचा त्याचा प्रवास आणि एकाच समूहातील वर्णछटांच्या उतरंडीचे त्याला असलेले भान, या तीन अंगांनी प्रस्तुत लेखात त्याचे रसग्रहण केले आहे. गीताच्या उपेक्षेची कारणे आणि मराठी दलित साहित्यविचाराच्या संदर्भात त्याचे मोल यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : सोल संगीत, सिल जॉन्सन, निषेधगीत, वर्णभेद, श्रेणीबद्ध विषमता.

१. प्रस्तावना

कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायन आणि रिदम अँड ब्लूज या लौकिक संगीतप्रकाराच्या संगमातून १९५० च्या दशकात सोल संगीत आकाराला आले. चर्चमध्ये देवाला घातलेली आर्त साद येथे प्रियकराला वा प्रेयसीला घातली जाऊ लागली. गळ्यातला कंप, मध्येच फुटणारा सूर आणि गायकाच्या ओळीला साथीदारांनी द्यावयाचा प्रतिसाद ही वैशिष्ट्ये मात्र तशीच राहिली. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात या संगीताने सामाजिक आशयही स्वीकारला. सॅम कुक यांचे ‘अ चेंज इज गॉना कम’ (१९६४), जेम्स ब्राउन यांचे ‘से इट लाउड – आय’म ब्लॅक अँड आय’म प्राउड’ (१९६८) आणि मार्विन गे यांचे ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) ही या वाटेवरची सर्वपरिचित गीते होत. त्यांतून अनुक्रमे आशा, अभिमान आणि करुणा व्यक्त होते, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

१९६९ मध्ये आलेले सिल जॉन्सन यांचे गीत या तिन्ही भावांपैकी एकाही भावाच्या चौकटीत पुरतेपणी बसत नाही. ‘मी काळा आहे म्हणून का?’ असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ आहे. उत्तर ठाऊक असूनही विचारलेला हा प्रश्न आहे. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने प्रश्न का विचारावा, आणि सात मिनिटांहून अधिक काळ तो का विचारीत राहावा, हाच या गीताच्या आस्वादातील कळीचा मुद्दा ठरतो.

२. गायक आणि परिसर

सिल जॉन्सन यांचे मूळ नाव सिल्वेस्टर थॉम्पसन. त्यांचा जन्म १९३६ मध्ये मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावाच्या परिसरात झाला. कापसाच्या शेतीवर आणि वर्णविभक्ततेच्या कायद्यांवर उभ्या असलेल्या दक्षिणेतून विसाव्या शतकात लक्षावधी कृष्णवर्णीय उत्तरेकडील औद्योगिक शहरांत गेले. ‘महास्थलांतर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रवाहातच थॉम्पसन कुटुंब १९५० च्या सुमारास शिकागोला आले. घरातच संगीत होते. जिमी जॉन्सन हे त्यांचे ज्येष्ठ बंधू पुढे ब्लूज गिटारवादक म्हणून नावारूपाला आले, तर मॅक थॉम्पसन हे दुसरे बंधू बास गिटार वाजवीत. सिल यांनी तरुणपणी मॅजिक सॅम, ज्युनियर वेल्स, जिमी रीड अशा ब्लूज कलावंतांना गिटारची साथ केली. १९५९ मध्ये फेडरल या कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. तेव्हापासून ते थॉम्पसनचे जॉन्सन झाले.

१९६७ मध्ये शिकागोतील एका छोट्या कंपनीसाठी त्यांनी गायलेली ‘कम ऑन सॉक इट टु मी’ आणि ‘डिफरंट स्ट्रोक्स’ ही नृत्यानुकूल गीते गाजली. आधी ‘ट्वायलाइट’ आणि नंतर ‘ट्विनाइट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या कंपनीत ते गायक होते आणि निर्मितीतही सहभागी होते. थिरकत्या ठेक्याच्या, चढ्या आणि किंचित खरबरीत आवाजाच्या गायकाची प्रतिमा त्यांच्याभोवती तयार झाली होती. त्याच गायकाने १९६९ मध्ये हे संथ, दीर्घ आणि अस्वस्थ करणारे गीत ध्वनिमुद्रित केले, ही बाब लक्षणीय आहे.

त्या काळातील शिकागोचे चित्र ध्यानात घेतल्याशिवाय या गीताचा प्रश्न नीट ऐकू येत नाही. दक्षिणेतील वर्णभेद कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला होता. शिकागोत तसा फलक कोठे लावलेला नव्हता. घर भाड्याने मिळत नसे, बँक कर्ज देत नसे, विशिष्ट वस्त्यांच्या पलीकडे जाता येत नसे. या सर्वांची कारणे मात्र प्रत्येक वेळी वेगळी सांगितली जात. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोत घरांच्या प्रश्नावर आंदोलन केले. एप्रिल १९६८ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर शहराच्या पश्चिम भागात मोठी दंगल उसळली. ४ डिसेंबर १९६९ रोजी ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण नेते फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या छाप्यात मारले गेले. ज्या शहरात भेदभाव आहे पण त्याचे नाव उच्चारले जात नाही, तेथे पीडिताला पहिली लढाई कारणाच्या निश्चितीसाठीच लढावी लागते. ‘म्हणून का?’ हा प्रश्न या परिस्थितीतून आलेला आहे.

३. प्रश्नाची परंपरा

असा प्रश्न विचारणारे जॉन्सन पहिले नव्हेत. १९२९ मध्ये ‘हॉट चॉकलेट्स’ या संगीतनाट्यासाठी फॅट्स वॉलर, हॅरी ब्रूक्स आणि अँडी रझाफ यांनी ‘ब्लॅक अँड ब्लू’ हे गीत रचले. मूळ नाट्यप्रसंगात एक सावळी स्त्री आपल्यापेक्षा उजळ वर्णाच्या स्त्रियांनाच पुरुष पसंत करतात याचे दुःख मांडते. त्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँग यांनी हे गीत ध्वनिमुद्रित करताना प्रेमाचा प्रास्ताविक भाग गाळला. त्यामुळे एका स्त्रीचे गाऱ्हाणे संपूर्ण वंशाचे गाऱ्हाणे बनले. राल्फ एलिसन यांच्या ‘इनव्हिजिबल मॅन’ (१९५२) या कादंबरीच्या प्रारंभी निवेदक तळघरात बसून आर्मस्ट्राँग यांचे हेच गीत ऐकतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. पुढे बिग बिल ब्रून्झी या ब्लूज गायकाने ‘ब्लॅक, ब्राउन अँड व्हाइट’ या गीतात त्वचेच्या छटेनुसार माणसाला मिळणारी वागणूक उपरोधाने मांडली.

या परंपरेच्या तुलनेत १९६८ मधील जेम्स ब्राउन यांच्या गीताने भूमिका पालटली. तेथे प्रश्न नव्हता, उद्घोष होता. अपमानासाठी वापरला जाणारा शब्दच अभिमानाने उच्चारण्याचे ऐतिहासिक कार्य त्या गीताने केले. समूहाने एकमुखाने म्हणावे अशीच त्याची रचना होती. त्यानंतर अवघ्या वर्षभरात जॉन्सन पुन्हा प्रश्नाकडे वळतात. वरवर पाहता ही माघार वाटेल. पण उद्घोष संपल्यावर माणूस घरी परततो, आणि घर, नोकरी, बाजार यांतील अनुभव तोच राहतो. त्या एकांतातील मनःस्थितीला शब्द देण्याचे काम उद्घोष करू शकत नाही. जॉन्सन यांचे गीत उद्घोषाचा प्रतिवाद करीत नाही. उद्घोषानंतरही जे शिल्लक उरते ते बोलून दाखवते, आणि तेच त्याचे वेगळेपण आहे.

४. गीताची घडण

ग्लेन वॉट्स, जिमी जोन्स आणि सिल जॉन्सन यांच्या नावे असलेल्या या गीताला ‘पीसेस ऑफ पीस’ या शिकागोतील वादकसमूहाची साथ आहे. लय अत्यंत संथ आहे. बास गिटारची एक छोटी आकृती पुन्हा पुन्हा येते, ढोलांचा ठेका संयत राहतो आणि गिटारचे थरथरते, तुटक बोल मधल्या रिकाम्या जागांत उमटतात. कोमल स्वरांच्या छायेतील हे वातावरण गीतभर फारसे बदलत नाही. सर्वसाधारण सोलगीत कडव्यातून ध्रुवपदाकडे चढत जाते आणि तेथे भावनेचा निचरा होतो. येथे असा निचरा होत नाही. आपल्याकडील परिभाषेत सांगायचे तर आवर्तन फिरत राहते, पण श्रोता ज्या समेची वाट पाहतो ती काही येत नाही. प्रश्नाला उत्तर नसणे हे शब्दांइतकेच संगीतातूनही व्यक्त होते.

गीताचा पूर्वार्ध एकवचनी आहे. गडद वर्णाची त्वचा आणि अश्रू यांची सांगड घालणाऱ्या प्रतिमेने आरंभ होतो. मग भंगलेली स्वप्ने, शहराच्या कोंडवाड्यासारख्या वस्तीतील बालपण आणि पै-पैसाठी राबणारी आई हे तपशील येतात. पहिल्यांदाच खाऊ चोरताना पकडल्या गेलेल्या मुलाची उपमा विशेष बोलकी आहे. गुन्हा क्षुल्लक, पण शरम आयुष्यभराची, असा अनुभव त्या एका उपमेतून प्रकटतो. आपल्याला पुढे जाण्यापासून काहीतरी रोखते आहे, ही जाणीव प्रत्येक वेळी प्रश्नाच्या आधी येते. त्या ‘काहीतरी’ची अनिश्चितता हेच शिकागोच्या अलिखित भेदभावाचे अचूक वर्णन होय.

मध्यावर सर्वनाम बदलते. आता गायक एका ‘तू’शी बोलू लागतो. तुझ्याजवळ जे आहे ते मलाही हवे, असे तो म्हणतो. दागिने, उंची मोटार, समाजात ‘कोणीतरी’ असणे अशा त्याच्या इच्छा आहेत. पूर्वार्धातील अनाम अडथळ्याला येथे प्रथमच कर्ता मिळतो. व्याकरणातील एवढ्याशा बदलाने विलापाचे रूपांतर आरोपात होते. तरीही आवाज चढत नाही. तो अधिक बोलका होतो, गाणे आणि संवाद यांच्या सीमेवर येतो. चर्चमधील प्रवचनकार गाता गाता बोलू लागतो आणि बोलता बोलता गाऊ लागतो, त्या परंपरेशी ही शैली थेट जोडलेली आहे.

उत्तरार्धात गायक ‘आपण’वर येतो. येथे तो आपल्याच लोकांना उद्देशून बोलतो. रंग थोडा उजळ असला, मिश्र वंशाचा वारसा असला, तरी समाजाच्या लेखी सगळे काळेच; म्हणून सर्वांनी एकत्र राहून वाटचाल चालू ठेवली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. ‘ब्लॅक अँड ब्लू’च्या मूळ नाट्यप्रसंगातील वर्णछटांची असूया चाळीस वर्षांनी अशा रीतीने ऐक्याच्या आवाहनात परिणत झालेली दिसते. पीडित समूहाच्या आतही पायऱ्या असतात, वरच्या पायरीवरील माणसाला खालच्या पायरीशी असलेले नाते नाकारण्याचा मोह असतो, हे ज्या स्पष्टतेने येथे सांगितले आहे ते त्या काळातील लोकप्रिय गीतांत विरळाच म्हणावे लागेल.

या वाटचालीतून प्रश्नाचा अर्थही बदलत जातो. ‘मी’च्या तोंडी तो स्वतःविषयीची शंका असतो : दोष माझ्यात तर नाही? ‘तू’ला विचारताना तो उलटतपासणी होतो. ‘आपण’ म्हणताना तो ओळखीची खूण ठरतो : ज्याला ज्याला हा प्रश्न पडला तो आपला. वाक्यातील एक अक्षरही न बदलता त्याचे कार्य तीनदा बदलणे, हे या गीताच्या रचनेचे खरे सामर्थ्य आहे.

५. संभाव्य आक्षेप

या गीतावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, गायकाच्या इच्छा भौतिक आहेत. दागिने आणि मोटार यांची मागणी ही विषमतेच्या व्यवस्थेला आव्हान न देता तिच्यातच वाटा मागते. या आक्षेपात तथ्य आहे. पण क्रांतिकारकाची भूमिका हे गीत घेतच नाही. ते एका सामान्य माणसाचे मनोगत आहे. जाहिरातींनी सर्वांसमोर जी सुखे मांडली ती काहींनाच मिळावीत, यातील विसंगती तो माणूस स्वतःच्या भाषेत सांगतो. त्याच्या तोंडी तत्त्वज्ञान घातले असते तर गीताचा खरेपणा उणावला असता.

दुसरा आक्षेप त्याच्या सौम्यतेविषयी आहे. ब्लॅक पँथरच्या काळातील संतापाच्या मानाने हे गीत मवाळ वाटते. कोणाचाही द्वेष करणारे गीत आपल्याला लिहायचे नव्हते, हे सहानुभूतीचे गीत आहे, अशा आशयाचे स्पष्टीकरण स्वतः जॉन्सन यांनी पुढे दिले होते. मात्र द्वेष नसणे म्हणजे तक्रार नसणे नव्हे. आरोपीला शिव्या देण्याऐवजी त्याच्यासमोर उभे राहून शांतपणे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, हा प्रतिकाराचा कमी प्रखर प्रकार मानता येत नाही. शिवीला शिवीने उत्तर देता येते, प्रश्नापुढे मात्र उत्तर तरी द्यावे लागते किंवा मौन तरी पत्करावे लागते.

६. उपेक्षेची कारणमीमांसा

प्रकाशित झाल्यावर हे गीत अगदीच दुर्लक्षिले गेले असे नाही. कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या रिदम अँड ब्लूज लोकप्रियता-यादीत ते ११ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. सर्वसाधारण यादीत मात्र ते बरेच खाली राहिले. १९७० मध्ये याच नावाची दीर्घ तबकडी आली. तीत ‘काँक्रीट रिझर्व्हेशन’सारखी, शहरी कृष्णवर्णीयांच्या बंदिस्त वस्तीजीवनावरील गीते होती. एका सामाजिक सूत्राने बांधलेली सोल संगीताची ही तबकडी मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या आधीची आहे. तरीही इतिहासलेखनात पायंडा पाडण्याचे श्रेय बहुतेक वेळा गे यांच्याकडेच जाते.

याचे पहिले कारण आर्थिक आहे. गे यांच्यामागे मोटाउनसारखी बलाढ्य कंपनी होती. ट्विनाइटपाशी तशी वितरणव्यवस्था नव्हती. दुसरे कारण स्वरूपाचे आहे. छोट्या तबकडीवर गीताचे संक्षिप्त रूपच मावत होते. त्यामुळे ‘मी’चा विलाप अनेकांपर्यंत पोहोचला, पण दीर्घ रूपातील ‘आपण’पर्यंतचा प्रवास ऐकणारे थोडे राहिले. तिसरे कारण पुढील कारकिर्दीत आढळते. १९७० च्या दशकात जॉन्सन मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्स या कंपनीत विली मिचेल यांच्याकडे गेले. तेथे अल ग्रीन यांची लोकप्रियता शिखरावर होती आणि जॉन्सन त्यांच्या छायेत राहिले. १९८० च्या दशकात तर त्यांनी संगीतापासून दूर होऊन शिकागोत मासळीच्या पदार्थांचे उपाहारगृह चालविले.

या गीताला दुसरे जीवन मिळाले ते इतरांच्या हातून. १९७० च्या दशकात जमैकाचे गायक केन बूथ यांनी ते रेगे शैलीत गायले. पुढे हिप-हॉप कलावंतांनी जॉन्सन यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे आपल्या गीतांत वापरले. वू-टँग क्लॅन या समूहाच्या ‘हॉलो बोन्स’ (२०००) या रचनेचा आधार हेच गीत आहे आणि तिचे शीर्षकही त्यातील एका प्रतिमेवरून आले आहे. आपल्या ध्वनिमुद्रणांच्या अशा वापराबद्दल जॉन्सन यांनी अनेक कायदेशीर दावे केले. याच गीताच्या वापराबाबत सायप्रेस हिल या समूहाविरुद्ध केलेला त्यांचा दावा २०११ मध्ये संघराज्यीय अपील न्यायालयात टिकला नाही. १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना तेव्हा संघराज्याच्या स्वामित्वहक्क कायद्याचे संरक्षण नव्हते. १९६९ चे गीत त्या तारखेच्या अलीकडचे नव्हते, एवढेच कारण पुरेसे ठरले.

२०१० मध्ये न्यूमरो ग्रुप या संस्थेने जॉन्सन यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांचा संच प्रकाशित केल्यानंतर अभ्यासकांचे लक्ष पुन्हा त्यांच्याकडे वळले. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्येष्ठ बंधू जिमी जॉन्सन यांच्या निधनाला तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

७. मराठी संदर्भात

अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठी वाचकांना परिचय करून दिला. हा परिचय प्रामुख्याने ग्रंथांच्या द्वारे झाला. कविता, कादंबरी, आत्मचरित्र यांची चर्चा झाली, त्या मानाने संगीताची झाली नाही. वास्तविक ज्या समाजाला दीर्घकाळ अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याचे विचारधन गाण्यांतच साठलेले असते. आंबेडकरी जलशांची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

जॉन्सन यांचे गीत या दृष्टीने दोन कारणांनी विचारात घेण्याजोगे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन ‘श्रेणीबद्ध विषमता’ असे केले आणि तिच्यात पीडितही परस्परांपासून तोडले जातात, हे दाखवून दिले. वर्ण आणि जात या भिन्न व्यवस्था असल्या, तरी उतरंडीचा हा अंतर्गत परिणाम दोन्हींकडे दिसतो, आणि या गीताचा उत्तरार्ध त्यालाच सामोरा जातो. दुसरे कारण समीक्षेच्या निकषांशी निगडित आहे. दलित साहित्यावर ते एकसुरी, आक्रोशप्रधान आहे असा आरोप वारंवार झाला, आणि कलामूल्य व सामाजिकता यांना परस्परविरोधी पक्षांत उभे करण्यात आले. प्रस्तुत गीत हे विभाजन निकामी करते. येथील पुनरुक्ती ही कलेची उणीव नाही, तीच कला आहे. एकाच प्रश्नाची आवृत्ती हीच अनुभवाची खरी लय आहे, कारण तो अनुभवही रोज तसाच परत येतो.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘इज इट बिकॉज आय’म ब्लॅक’ हे गीत सोल संगीताच्या निषेधपरंपरेतील एक महत्त्वाची, परंतु पुरेशी न वाचली गेलेली कृती आहे. उद्घोष आणि विलाप यांच्या दरम्यान प्रश्नाची एक स्वतंत्र भूमी असते आणि तेथूनही प्रतिकार करता येतो, याचा ते वस्तुपाठ आहे. सर्वनामांच्या साध्या बदलातून वैयक्तिक दुःखाचे सामूहिक जाणिवेत रूपांतर कसे होते, हे त्यात प्रत्यक्ष ऐकता येते. साहित्य, समाजशास्त्र आणि संगीत या विद्याशाखांच्या सीमेवर असलेल्या अशा कृती अभ्यासक्रमाच्या कोणत्याच कप्प्यात सहजी बसत नाहीत, म्हणून त्या वर्गाबाहेर राहतात. अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे किंवा तौलनिक दलित साहित्याचे अध्यापन करताना अध्यापकाने या गीताचे दीर्घ रूप विद्यार्थ्यांना एकदा सलग ऐकवावे. सात मिनिटांनंतर वर्गात जी शांतता पसरेल, तेथून चर्चेला प्रारंभ करणे उचित ठरेल.